बागेसाठी रंग निवडताना : कोणासाठी आणि किती वाजता?

आपल्या मंडळाच्या सभासदांमध्ये बागेची आवड असणारी घरे बरीच आहेत. ज्यांचे वाडे गेले आणि फ्लॅट आले, त्यांच्याही गॅलरीत सात-आठ कुंड्या असतातच. अगाशी स्वतःची असेल तर विचारायलाच नको. हल्ली मोबाइलवर रंगांचा एक तक्ता अधूनमधून फिरत असतो. लाल म्हणजे उत्साह, पिवळा म्हणजे आनंद, निळा म्हणजे शांती, जांभळा म्हणजे अध्यात्म. आपला स्वभाव ओळखा आणि त्या रंगाची फुले लावा, असे त्यात सांगितलेले असते. तो तक्ता वाचून काही मंडळी आम्हा दोघांना विचारतात, की हे कितपत खरे? निवृत्तीनंतर आमचा बराचसा वेळ अगाशीवरच्या कुंड्यांत जातो, म्हणून हा प्रश्न आमच्याकडे येत असावा.

बँकेत कर्जाचा अर्ज समोर आला की आम्ही आधी दोन गोष्टी विचारत असू : पैसे कोणाला हवेत आणि कशासाठी. बागेच्या रंगाबाबतही दोन प्रश्न आधी विचारावेत असे आम्हाला वाटते. ही फुले पाहणार कोण? आणि दिवसाच्या कोणत्या वेळी पाहणार? ही दोन उत्तरे हाती आली की तक्त्याची गरज फारशी उरत नाही.

रंगांचा मनावर परिणाम होतो का?

लाल, केशरी, पिवळे रंग उबदार वाटतात आणि निळा थंड वाटतो, हा अनुभव बहुतेकांना येतो. जर्मन कवी गटे यांनी १८१० साली रंगांवर मोठा ग्रंथ लिहिला. कोणत्या रंगाने मनाला काय वाटते याचे वर्णन त्यात आहे. आजच्या तक्त्यांतली बरीच विधाने त्याच वळणाची आहेत.

पण रंगाचा अर्थ सगळीकडे सारखा नसतो. युरोपात नवरी पांढऱ्या वेषात लग्नाला उभी राहते. आपल्याकडे नवरीची अष्टपुत्री पिवळी आणि चुडा हिरवा. पांढरा रंग सरस्वतीचाही आणि दुखवट्याचाही. झेंडूचा केशरी रंग दिसला की आपल्याला दसऱ्याचे तोरण आठवते. तोच रंग ज्याने दसरा पाहिलेला नाही त्याला नुसता भडक वाटेल. म्हणजे रंगात जितका गुण असतो, तितकीच आपली आठवणही असते. ती प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे सर्वांना लागू पडणारा तक्ता कोणालाच करता येणार नाही.

हिरव्या रंगाच्या बाबतीत मात्र हाती थोडा भक्कम पुरावा आहे. अमेरिकेतील रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणाऱ्यांना सरासरीने लवकर घरी सोडले गेले आणि वेदनाशामकाचे जोरदार डोस कमी लागले. म्हणून आमचे पहिले सांगणे असे, की फुलांच्या रंगाआधी पानांचा विचार करा. फूल चार दिवस राहते, पान वर्षभर डोळ्यांसमोर असते. निम्म्याहून अधिक कुंड्या हिरव्यागार पानांच्या असल्या म्हणजे बाकीचे रंग त्यावर शोभतात.

किती वाजता पाहणार?

आपल्या बडोद्याचे ऊन सर्वांना ठाऊक आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या उन्हात फिकट गुलाबी, फिकट निळे, मोतिया असे रंग विरून जातात. लाल, केशरी, गडद पिवळे तेवढे टिकून दिसतात. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे पांढरी फुले लावली तर दुपारी डोळे दिपतात आणि फुले दिसतच नाहीत. तेच फिकट रंग सकाळी आठच्या आत किंवा श्रावणातल्या ढगाळ दिवशी फार सुंदर दिसतात.

संध्याकाळचा हिशेब याहून निराळा. दिवस मावळू लागला की लाल फूल सर्वांत आधी काळे पडते आणि निळसर, पांढरे रंग उलट उठून दिसू लागतात. ही गोष्ट पुर्किंये या चेक शास्त्रज्ञाने १८१९ साली टिपली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. भरपूर उजेडात आपले डोळे एका प्रकारच्या पेशींनी पाहतात, अंधुक उजेडात दुसऱ्या प्रकारच्या पेशींनी, आणि या दुसऱ्या पेशींना लाल रंग जवळजवळ दिसत नाही. म्हणून जे घर संध्याकाळी सातनंतर गॅलरीत बसते, त्या घराने हौसेने लाल गुलाबांची रांग लावली तर पैसे खर्च होतात, पण पाहायला काळोखच मिळतो. त्यांनी पांढरी आणि फिकट पिवळी फुले निवडावीत.

निसर्गानेही हेच केले आहे. मोगरा, रातराणी, निशिगंध, प्राजक्त ही सायंकाळी किंवा रात्री उमलणारी फुले पांढरी आणि सुवासिक असतात, कारण त्यांच्याकडे येणारे पतंग रात्री हिंडतात. लाल जास्वंदीकडे दिवसा शिंजीर पक्षी येतो. मधुमालतीचे तर दोन्ही बाजूंना खाते आहे. संध्याकाळी उमलताना तिचे फूल पांढरे असते, तेव्हा पतंग येतात. मग ते गुलाबी होते, पुढे लाल होते आणि दिवसाचे पाहुणे येऊ लागतात. एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात ते यामुळे.

फुलांच्या स्वतःच्या वेळाही पाळाव्या लागतात. चिनी गुलाब ऊन चढले की उमलतो आणि दुपारनंतर मिटू लागतो. काही जण त्याला 'ऑफिस टाइम' म्हणतात ते खरेच आहे, कारण ऑफिसला जाणाऱ्या माणसाला तो रविवारीच दिसतो. त्याउलट गुलबाक्षी दुपारी चारच्या सुमारास उमलते. गोकर्ण सकाळी ताजी असते. जास्वंदीचे फूल सकाळी उघडते आणि बहुतेक जातींत त्याच संध्याकाळी मिटते. सुनेचा आणि मुलाचा दिवस बाहेर जात असेल तर त्यांच्यासाठी गुलबाक्षी आणि रातराणी, दिवसभर घरी असणाऱ्या आजोबांसाठी चिनी गुलाब आणि जास्वंद, अशी वाटणी करता येते.

वयाचा डोळा

आपल्या मंडळात साठीच्या पुढचे सभासद पुष्कळ आहेत, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितो. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते. पिवळ्या काचेतून पाहावे तसे होते. निळा आणि जांभळा रंग मंदावतात, गडद निळा आणि काळा यांतला फरक पटकन कळत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर निळा रंग एकदम उजळ दिसू लागला, असे अनेक जण सांगतात, ते याचमुळे.

याचा बागेशी संबंध असा, की 'निळा रंग शांती देतो' म्हणून आईच्या खोलीबाहेर निळी गोकर्ण लावली आणि आईला ती पानांत दिसलीच नाही, तर शांती कुठून मिळणार? वडीलधाऱ्यांसाठी गडद हिरव्या पानांवर पिवळी, केशरी किंवा शुभ्र फुले निवडावीत. एकेक सुटे रोप लावण्यापेक्षा एका रंगाच्या तीन-चार कुंड्या एकत्र ठेवाव्यात, म्हणजे लांबूनही रंगाचा पट्टा दिसतो. कुंडी जमिनीवर न ठेवता बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर ठेवावी. जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांच्या बाबतीत पलंगावर आडवे होऊन खिडकीतून काय दिसते ते स्वतः पाहावे आणि मग कुंडीची जागा ठरवावी. नजर अगदीच अधू असेल तर वासाची फुले. मोगऱ्याला रंग दिसावा लागत नाही.

कोणासाठी : स्वभाव आणि मन:स्थिती

स्वभावाप्रमाणे रंग निवडण्याला आमचा विरोध नाही. फक्त तो तक्त्यावरून न ओळखता माणसावरून ओळखावा. आमच्या पाहण्यात आलेले काही नमुने देतो.

ज्यांना शांत बसायला, वाचायला आवडते त्यांना एकाच कुळातले दोन रंग पुरतात. पांढरी तगर, फिकट निळा प्लंबॅगो आणि भरपूर हिरवे. निळे आणि फिकट रंग मागे सरकल्यासारखे वाटतात, त्यामुळे छोटी गॅलरीही थोडी खोल भासते.

ज्यांच्याकडे माणसांची ये-जा असते, गप्पा रंगतात, त्यांच्या दाराशी लाल-केशरी शोभते. जास्वंद, रंगीत पानांचे क्रोटन, बोगनवेल. हे रंग पुढे येऊन स्वागत करतात. बोगनवेलीचा रंग खरे तर फुलांचा नसून फुलाभोवतीच्या पानांचा असतो, म्हणून तो आठवडेच्या आठवडे टिकतो. तिला पाणी जपून घालावे. जास्त पाणी दिले की पाने वाढतात आणि रंग कमी होतो.

ज्यांना टापटीप लागते, त्यांनी एका रंगाची सारख्या उंचीची रोपे ओळीने लावावीत. ज्यांना रोज काहीतरी नवे हवे, त्यांनी मिश्र रंगांची झिनिया, कॉसमॉस, तेरडा बियांपासून लावावा. कोणता रंग निघेल हे उमलेपर्यंत कळत नाही, त्यातच गंमत आहे. ज्यांचा मुक्काम मुलांकडे पुण्याला किंवा परदेशी वारंवार हलतो, त्यांना सदाफुली उत्तम. ती पाणी कमी मागते आणि पांढरी-गुलाबी फुले वर्षभर देते.

मन:स्थितीचा प्रश्न जास्त नाजूक आहे. घरात कोणी उदास असेल तर लोक सांगतात, पिवळी फुले लावा, मन प्रसन्न होईल. दुःखात असलेल्या माणसाला समोरचा भडक आनंद कधी कधी सोसत नाही. अशा वेळी हिरवळ असू द्यावी, एखादे सुवासिक रोप असू द्यावे आणि रंग त्याने स्वतः मागेपर्यंत थांबावे. रोपाला पाणी घालण्याचे काम मात्र त्याच्याकडे द्यावे. सकाळी उठायला तेवढे एक निमित्त मिळते.

एका घरात चार माणसे आणि चार आवडी असल्या तर? प्रत्येकाची एक कुंडी करावी, हा आम्हाला सापडलेला सोपा तोडगा. कुंडी कोणती, रोप कोणते, रंग कोणता हे ज्याचे त्याने ठरवायचे. आणि ती कुंडी तो माणूस जिथे बसतो तिथून दिसेल अशी ठेवायची. नातवंडांना तर हे फार आवडते. लहान मुले असलेल्या घरांनी एवढी काळजी घ्यावी की कण्हेर, मग ती लाल असो वा पिवळी, मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. तिचा चीक आणि बिया विषारी असतात.

पांढऱ्या फुलांविषयी थोडे वेगळे

रंग आणि स्वभाव यांविषयी लिहिताना एक गोष्ट टाळून पुढे जाणे आम्हाला बरे वाटत नाही. आपल्या जुन्या घरांतून विधवा बायकांनी रंगीत लुगडे नेसायचे नाही, केसांत फूल माळायचे नाही, असा दंडक होता. पहाटे परडी भरून देवाची फुले काढायची त्यांनीच, पण त्यातले एकही स्वतःसाठी ठेवायचे नाही. आता दंडक गेला म्हणतात. साडीतून बराचसा गेलाही. पण मनातून आणि कुंडीतून तो पूर्ण गेला आहे का?

आमच्या परिचयातल्या एका काकूंचे यजमान गेल्यावर मुलाने आईसाठी गॅलरी सजवली. तगर, मोगरा, पांढरी सदाफुली, सगळे शुभ्र. आईला शांत वाटेल, शोभेलही, असा त्याचा चांगला हेतू. काकू रोज पाणी घालत, फुले देवाला वाहत. एकदा बोलता बोलता आम्हा दोघांना म्हणाल्या, "माझ्या माहेरी कोकणात दारातच अबोली होती. मला फार आवडायची." पुढच्या खेपेला आम्ही अबोलीचे रोप घेऊन गेलो. त्यांनी ते पांढऱ्या कुंड्यांच्या मधोमध ठेवले. पहिला वळेसर देवीला घातला, दुसरा स्वतःच्या उशाशी ठेवला. केसांत माळायचा की नाही हा त्यांचा प्रश्न, आम्ही तो विचारलाही नाही.

यात मुलाची काही चूक नव्हती. त्याने आईसाठी रंग निवडला, फक्त आईला विचारले नाही. तक्त्याचीही हीच अडचण आहे. तो कोणालाच काही विचारत नाही. आपल्या घरात आई, मावशी, आत्या, काकू यांच्यासाठी रोप आणणार असाल तर आधी एवढे विचारा, की तुमच्या माहेरच्या अंगणात काय होते? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा रंगासकट मिळते.

रंगांच्या जोड्या

जोड्या जमवण्याचे शास्त्र फार अवघड नाही. न्यूटनने १७०४ सालच्या आपल्या ग्रंथात रंग वर्तुळात मांडून दाखवले. चित्रकारांच्या रंगचक्रात समोरासमोर येणारे रंग, म्हणजे पिवळा आणि जांभळा, निळा आणि केशरी, लाल आणि हिरवा, एकमेकांना उजळवतात. शेजारी असणारे, जसे पिवळा-केशरी-लाल, एकमेकांत मिसळतात. फ्रान्समध्ये शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ गालिचे आणि पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. धागा तोच असूनही शेजारच्या धाग्यामुळे त्याचा रंग बदललेला दिसतो, हे त्यांनी १८३९ च्या पुस्तकात दाखवले. पैठणीचा काठ निवडणाऱ्या आपल्या बायकांना हे कोणी शिकवावे लागले नाही.

बागेत याचा उपयोग असा. उत्साह हवा तर समोरासमोरची जोडी लावा, उदाहरणार्थ केशरी झेंडूजवळ निळी गोकर्ण. निवांतपणा हवा तर शेजारचे रंग घ्या. दोन भडक रंग भांडू लागले तर मध्ये पांढरे फूल किंवा हिरव्या पानांची कुंडी ठेवा, मिटते. आणि भिंतीचा रंग विसरू नका. पिवळ्या भिंतीपुढे पिवळी अलमांडा हरवून जाते.

वर्षभराचे वेळापत्रक

बडोद्याला या विषयाचा वारसाही आहे. सयाजीराव महाराजांनी विश्वामित्रीच्या काठी १८७९ साली उभारलेली सयाजीबाग, म्हणजे आपली कमाटीबाग, सर्वांच्या परिचयाची आहे. १८९३ साली गुस्ताव क्रुम्बिगेल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ बडोदा संस्थानच्या सेवेत आले. १९०८ मध्ये ते बंगळूरला लालबागेवर गेले. एका जातीचा बहर संपला की दुसरीचा सुरू व्हावा, म्हणजे शहरात बारा महिने कुठे ना कुठे रंग दिसावा, अशी झाडांची योजना बंगळूरमध्ये त्यांच्या नावाने सांगितली जाते.

तीच कल्पना कुंड्यांतही राबवता येते. उन्हाळ्यात मोगरा, बोगनवेल आणि चिनी गुलाब. पावसाळ्यात तेरडा, गोकर्ण, मधुमालती. भाद्रपद-आश्विनात प्राजक्त. दसऱ्याला झेंडू हवा असेल तर बी जुलैत टाकावे, कारण रोपाला फूल यायला साधारण दोन महिने लागतात. हिवाळ्याच्या तोंडाशी शेवंती आणि ऑक्टोबरात लावलेला पेटुनिया पुढे फेब्रुवारी-मार्चपर्यंत. शेवंतीला रात्र मोठी लागते. तिच्या कुंडीवर गॅलरीतला दिवा रात्रभर जळत राहिला तर कळ्या उशिरा येतात, म्हणून तिला अंधाऱ्या कोपऱ्यात हलवावे.

सुरुवात कशी करावी

नर्सरीत जाण्याआधी एक आठवडा वही ठेवा. घरातले कोण, किती वाजता, कुठे बसते आणि तिथून काय दिसते, एवढेच लिहा. ऊन कोणत्या तासाला कुठपर्यंत येते तेही टिपा. मग प्रत्येकाला त्याचा आवडता रंग विचारा आणि तो का आवडतो हेही विचारा. त्यानंतर तीन-चार रोपांपासून सुरुवात करा. शक्यतो फूल उमललेले असताना रोप घ्या, म्हणजे रंगाची खात्री होते. घरी आणल्यावर कुंडी आठवडाभर दोन-तीन ठिकाणी ठेवून पाहा आणि जिथे त्या माणसाची नजर सहज जाते तिथेच कायम ठेवा.

खर्च फार नाही. जास्वंद, मोगरा, मधुमालती, बोगनवेल यांच्या फांद्या पावसाळ्यात सहज लागतात आणि आपल्यापैकी कोणा ना कोणाकडे त्या असतातच. मागायला संकोच करू नये. अबोलीची रोपे आमच्याकडे दर पावसाळ्यात दहा-बारा तरी उगवतात. कोणाच्या आईला, आजीला हवी असतील तर अवश्य घेऊन जावीत.